मुठीत मावेल असा दांडा

नव्या सोसायट्यांच्या जिन्याला बहुतेक ठिकाणी विटांचा कठडा असतो आणि त्यावर ग्रॅनाइटची सहा-सात इंच रुंद, चकचकीत पट्टी. दिसायला झकास. पण उतरताना पाय घसरला, की तळवा त्या पट्टीवरून नुसता सरकत जातो. तोल जातो तेव्हा बोटं खालून वळून मूठ आवळली गेली पाहिजे. त्यासाठी दीड इंची गोल पाईपसारखं दुसरं काही नाही. जुन्या वाड्यांतल्या उभ्या, अंधाऱ्या जिन्यांवर वरून दोर सोडलेला असे. शोभेचा नसेल, पण मुठीत बसे. आज माणूस खाली पडू नये म्हणून कठडा बांधला जातो. धरायला काही द्यायचं मात्र राहून जातं.

अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या बांधकाम नियमांत हे सगळं मोजून दिलेलं आहे. दांडा पायरीपासून ३४ ते ३८ इंच उंच, गोल असेल तर व्यास सव्वा ते दोन इंच, भिंतीपासून किमान दीड इंच मोकळी जागा. शिवाय वरच्या टोकाला तो १२ इंच आडवा पुढे न्यायचा आणि खाली शेवटच्या पायरीनंतरही एका पायरीइतका. पहिलं पाऊल टाकण्याआधीच हातात आधार हवा आणि शेवटचं पाऊल जमिनीवर टेकेपर्यंत तो सुटायला नको, एवढाच त्यामागचा विचार.

आणि तो दोन्ही बाजूंना हवा. अर्धांगवायूतून उठलेले एखादे आजोबा घ्या. उजवा हात लुळा. डावीकडचा कठडा धरून ते कसेबसे दुसऱ्या मजल्यावर पोहोचतात. उतरताना तोच कठडा उजवीकडे येतो आणि धडधाकट हाताशी उरते नुसती रंगवलेली भिंत. अशी माणसं घराबाहेर पडणंच सोडून देतात, आणि आपण म्हणतो, वय झालं.

मुंबईत रेल्वे पुलांच्या रुंद जिन्यांवर मधोमध रेलिंग असतं. घाईत ते आड येतं म्हणून लोक वैतागतात. पण गर्दीत मधून चालणाऱ्याच्या हाताला तेवढंच लागतं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास येणारा आक्षेप म्हणजे, भिंतीला पाईप लावला तर जिना अरुंद होईल. पाईप आणि मागची फट मिळून तीन-साडेतीन इंच जातात, जास्त नाही. फॅब्रिकेटरला ब्रॅकेट खालच्या बाजूने जोडायला सांगावं, म्हणजे हात न उचलता सरकवता येतो. बोल्ट प्लास्टरमध्ये नव्हे, विटेत किंवा काँक्रीटमध्ये घट्ट बसले पाहिजेत. आणि हे काम रंगकाम काढण्याआधीच उरकून घ्यावं.