बटाट्याचा घाम

अर्धा किलो बटाटे घ्या. त्यातलं जवळजवळ चारशे ग्रॅम नुसतं पाणी. अशा पाणीदार कंदाचे कुरकुरीत फ्राइज करायचे, तेही न तळता, हे ऐकायला अशक्यच वाटतं.

तळण्यात तेल फोडीला चहूबाजूंनी बिलगतं आणि भराभर उष्णता देतं. ओव्हनमधली हवा मात्र उष्णतेच्या बाबतीत पक्की कंजूष. 220 अंशांच्या ओव्हनपुढे हात नेला तर झळ लागते, एवढंच. 100 अंशांच्या उकळत्या पाण्यात मात्र बोट बुडवायची कुणाची छाती होणार नाही.

त्यातून बटाटा घाम गाळतो. पाण्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते. बर्फाइतक्या गार पाण्याला उकळी आणायला लागते त्याच्या पाचपटीहून जास्त. त्यामुळे फोड वरून ओली आहे तोवर तिचं तापमान शंभराच्या आसपासच घुटमळतं. भोवती 220 अंशांची भट्टी आणि बटाटा आपला शंभरावर! उन्हात आपलं अंग घामाने निवतं, तेच इथे चाललेलं असतं. आणि सोनेरी रंग, खमंग वास यांची सुरुवात व्हायची ती 140 अंशांच्या आसपास. तिथे साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांना भिडून शेकडो नवे स्वाद तयार करतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 साली या प्रक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव. पावाचा तांबूस पापुद्रा आणि भाजलेल्या कॉफीचा वास हीसुद्धा तिचीच करणी.

तेव्हा आधी घाम आटवायचा. त्यासाठी करायचं काय, तर बटाटा पाण्यात उकळायचा! करंगळीएवढ्या जाड फोडी, दोन लिटर पाणी, मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा. चार-पाच मिनिटं पुरेत. पेशींना सांधणारं पेक्टिन सोड्याने सैल होतं, स्टार्च फुगतो आणि फोडीचा पृष्ठभाग खरबरीत, पिठूळ होतो. पाणी निथळून फोडी फडक्यावर वाफ जाईपर्यंत पसरा, मग दोन मोठे चमचे तेल चोळून हलकेच हलवा. अंगावर चढलेला तो स्टार्चचा लेपच ओव्हनमध्ये वाळून कडक कवच होतो. ट्रेमध्ये फोडी एकमेकींना चिकटू देऊ नका, नाहीतर एकीच्या वाफेवर दुसरी उकडते. 220 अंशांवर साधारण अर्धा तास, मध्ये एकदा उलटवून.

बटाटा जुना, पिठूळ घ्या आणि फ्रिजमधला मुळीच नको. थंडीत त्याच्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि असे फ्राइज कुरकुरीत होण्याआधीच काळवंडतात.

आता वरचा साज. कांदापात, हिरवी मिरची, मक्याचे दाणे, जे आवडेल ते; पण चीज शेवटच्या तीन मिनिटांतच. चीज वितळतं, पनीर का नाही? चीजमधल्या प्रथिनांना कॅल्शियम जोडून ठेवतं आणि उष्णतेने ती वीण सैल होते. पनीर करताना लिंबाच्या आंबटपणाने बरंचसं कॅल्शियम निवळीत निघून जातं आणि प्रथिनं एकमेकांना घट्ट धरून बसतात. तापवलं की ती आणखीच आवळतात. पनीर घातलं तर बिघडत नाही, फक्त तार सुटण्याची वाट पाहू नका.

डिपलाही तोच नियम: पाणी घालवा. श्रीखंडासाठी टांगतो तसं दही फडक्यात टांगून चक्का करा. त्यात लसूण, मीठ, मिरपूड, थोडं ऑलिव्ह किंवा शेंगदाण्याचं तेल. अख्ख्या लसणीला फारसा वास नसतो. ठेचली की वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले दोन पदार्थ एकत्र येतात आणि तिखट अॅलिसिन जन्माला येतं. डिप सौम्य हवं असेल तर लसूण थेट लिंबाच्या रसात ठेचा. आंबटपणाने अॅलिसिन बनवणारं विकर मंदावतं. मला स्वतःला झणझणीतच आवडतं. टांगलेल्या दह्याखाली जमलेली निवळी फेकू नका, कणीक भिजवायला घ्या.

डिप आधी तयार ठेवा. फ्राइज बाहेर आले की आतली वाफ कवचाकडे निघते आणि दहा मिनिटांत ते पुन्हा मऊ पडतं. फोटो काढायचाच असेल तर एकच काढा.