नजर रस्त्यावर राहावी म्हणून
घरच्या घरी मोटारसायकलसाठी मोबाइलची भक्कम बैठक

मराठवाड्यातील व्यापार आजही मोठ्या प्रमाणावर फिरतीवर चालतो. नांदेडच्या वजिराबादेतील किंवा लातूरच्या गंजगोलाईतील दुकानाचा गल्ला एका जागी असला, तरी त्या गल्ल्यात येणारा पैसा लोहा, कंधार, अहमदपूर, चाकूर, औसा, निलंगा या गावांतून आणि त्यांच्या भोवतालच्या खेड्यांतून येत असतो. नव्या मालाचे नमुने दाखवणे, ऑर्डर घेणे, उधारीची आठवण करून देणे ही कामे घरातील तरुण मुलगा किंवा दुकानातील विश्वासू माणूस मोटारसायकलवरून करतो. आजोबांच्या पिढीने हे रस्ते आठवडी बाजारांच्या वारांवरून, वाटेतल्या वडांवरून आणि नदीच्या उतारांवरून ओळखले. नातवाला तेच रस्ते मोबाइल दाखवतो.

हा मोबाइल गाडीवर ठेवायचा कुठे, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी तो तसा नाही. कोणी तो डाव्या मुठीत धरून एका हाताने गाडी चालवतो, कोणी हेल्मेटच्या आत गालापाशी खोचतो, तर कोणी खिशात ठेवून प्रत्येक फाट्यावर चालत्या गाडीवरच बाहेर काढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. पडद्याकडे दोन सेकंद पाहिले, तर तेवढ्यात ३३ मीटर रस्ता न पाहता मागे पडतो. ऊसगाळपाच्या हंगामात संध्याकाळी मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढे चालली असेल, तर हे ३३ मीटर फार महाग पडू शकतात.

जैन घरांत ईर्यासमितीचा अर्थ लहानपणापासून सांगितला जातो : चालताना पुढची चार हात जमीन पाहूनच पाऊल टाकावे. गाडीच्या वेगाला चार हात पुरत नाहीत; पण नजर वाटेवर असावी, हे सूत्र तेच राहते. म्हणूनच मोबाइलची चांगली बैठक कोणती, याची कसोटी एकच. जिच्याकडे कमीत कमी वेळा आणि कमीत कमी क्षण पाहावे लागते, ती चांगली.

तयार पकड का निसटते

बाजारात मोबाइलसाठी प्लॅस्टिकच्या पकडी भरपूर मिळतात. शहरातील गुळगुळीत रस्त्यावर त्या बऱ्या चालतात. खेड्याच्या वाटेवर मात्र त्यांचे तीन दोष उघडे पडतात. मोबाइल धरून ठेवणारी स्प्रिंग काही महिन्यांत सैल होते. पकड हवी तशी वळावी म्हणून दिलेला गोल सांधा खड्ड्यांच्या हादऱ्यांनी घसरतो आणि पडदा हळूहळू खाली झुकतो. शिवाय मराठवाड्यातील उन्हात साधे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन एखाद्या दिवशी अचानक तुटते. मोबाइल पडला तर नुकसान पैशाचे होते. पण पडणारा मोबाइल पकडण्यासाठी चालकाचा हात झेपावला, तर नुकसान जिवाचे होते.

घरी केलेल्या बैठकीत हलणारा सांधाच ठेवायचा नसतो. गाडी एक, चालक एक, मोबाइल एक. मग कोन एकदाच ठरवून तो कायम पक्का करता येतो. हाच तिचा सर्वांत मोठा फायदा.

सामान आणि बांधणी

लागणारे सामान साधे आहे : २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड आणि सुमारे १५ सेंटिमीटर लांब लोखंडी पट्टी, २ मिलिमीटर जाडीचा, मोबाइलपेक्षा थोडा लहान अॅल्युमिनियमचा पत्रा, आपल्या मोबाइलला नेमके बसणारे एक जादा कडक कव्हर, सपाट डोक्याचे चार छोटे बोल्ट, रुंद वॉशर, आत नायलॉनचे कडे असलेले नायलॉक नट आणि पंक्चर काढणाऱ्याकडे सहज मिळणारी सायकलची जुनी ट्यूब. ड्रिल आणि व्हाइस घरी नसतील, तर ग्रिल-दरवाजे बनवणारा फॅब्रिकेशनवाला तेवढे काम थोड्या वेळात करून देतो.

पट्टी लोखंडाचीच का, यामागे कारण आहे. अॅल्युमिनियम हलके असले, तरी सततच्या कंपनाने ते थकते. जिथे वाकवले असेल तिथे बारीक तडा पडतो आणि एके दिवशी तुकडा वेगळा होतो. लोखंड हा ताण अधिक काळ सोसते. वाकवतानाही काटकोनात न मोडता गोलाई ठेवून वाकवावे. पत्र्यावर भार कमी येतो, म्हणून तो अॅल्युमिनियमचा चालतो.

बैठक बसवण्याची उत्तम जागा म्हणजे डाव्या आरशाच्या दांड्याचे बूड. तिथे कंपनीनेच दिलेला मजबूत आटा असतो. उजवा हात एक्सलरेटर आणि पुढच्या ब्रेकसाठी मोकळा राहावा, म्हणून डावी बाजू बरी. काही गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, हेही लक्षात ठेवावे. आरशाचा दांडा मोजून तेवढेच छिद्र पट्टीच्या एका टोकाला पाडावे. आरसा काढून पट्टी मधे घालावी, आरसा पुन्हा पूर्ववत बसवावा आणि खालचा नट पान्याने घट्ट करावा. पट्टीच्या जाडीमुळे दांड्याचे किमान सहा-सात आटे आत जात नसतील, तर ही जागा सोडून द्यावी आणि हँडलच्या नळीवर क्लॅम्प वापरावा. मोबाइलच्या सोयीसाठी आरसा ढिला ठेवणे हा व्यवहार तोट्याचा आहे.

पट्टी जितकी आखूड, तितका थरार कमी. लांब पट्टीच्या टोकाला बसवलेला मोबाइल काठीच्या टोकाला बांधलेल्या घंटेसारखा हलत राहतो. पट्टीचे मोकळे टोक आतल्या बाजूला आणि किंचित वर वळवावे. मोबाइल वेगदर्शकाच्या शेजारी यावा, त्यावर येऊ नये. इंधनाचा काटा आणि इंडिकेटरचे दिवेही झाकले जाता कामा नयेत.

पट्टी आणि पत्रा थेट एकमेकांवर आवळू नयेत. ट्यूबच्या रबराचे दोन-तीन पदरी वॉशर कापून ते पट्टीच्या वर आणि खाली असे दोन्हीकडे ठेवावेत आणि रबर थोडेसेच दबेल इतका नट फिरवावा. रबर पूर्ण चेपले, तर ते कंपन गिळत नाही. साधा नट अशा सैल दाबावर टिकत नाही, म्हणून नायलॉक नट. पत्र्याच्या कडा कानशीने गोल कराव्यात. पडल्यास तीच कडा पोटात किंवा छातीत लागू शकते.

कडक कव्हर दोन बोल्टांनी पत्र्यावर बसवावे. बोल्टांची डोकी मोबाइलच्या पाठीला लागू नयेत, म्हणून वर रबराचा पातळ तुकडा चिकटवावा. मोबाइल कव्हरात बसला, की ट्यूबचे कापलेले दोन पट्टे फुलीसारखे चारी कोपऱ्यांवरून घ्यावेत. पट्ट्याखाली बाजूची बटणे दबत नाहीत, हे पाहावे. शेवटी कव्हराच्या छिद्रातून एक मजबूत दोरी हँडलला बांधावी. सगळे सुटले तरी मोबाइल दोरीला लटकेल, रस्त्यावर पडणार नाही आणि चालकाला हात पुढे करावा लागणार नाही.

आधी तोलून पाहावे

पहिली चाचणी मोबाइल लावून करू नये. दुकानाच्या काट्यावर मोबाइल तोलावा, तेवढ्याच वजनाचा लाकडाचा तुकडा बैठकीत बांधावा आणि खडबडीत रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर जाऊन यावे. निघण्यापूर्वी हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावे. पत्रा टाकीला लागतो का, क्लचची केबल ताणली जाते का, क्लचचा दांडा पूर्ण दाबता येतो का, हे तपासावे. परतल्यावर प्रत्येक नट हाताने पाहावा. पहिल्या आठवड्यात रोज आणि नंतर महिन्यातून एकदा ही पाहणी पुरेशी होते.

कॅमेरा, ऊन आणि पाऊस

महागड्या मोबाइलमध्ये हात हलला तरी चित्र स्थिर यावे, म्हणून कॅमेऱ्याचे भिंग आत तरंगते ठेवलेले असते. ॲपल कंपनीने २०२१ मध्येच आपल्या ग्राहकांना सावध केले होते, की मोटारसायकलच्या इंजिनाच्या तीव्र कंपनाने ही रचना बिघडू शकते. लहान दुचाकींवरही कंपन शोषणारी बैठक वापरावी, असा सल्ला कंपनीने दिला होता. बहुतेक घरांच्या कपाटात एखादा जुना मोबाइल पडलेला असतो. बैठकीवर तोच लावावा आणि नवा खिशात ठेवावा. जुन्या मोबाइलला सिमकार्डचीही गरज नसते. जीपीएसचा मोबाइल केवळ ऐकतो, बोलत नाही. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की तो आपली जागा ठरवतो. घरच्या वाय-फायवर जिल्ह्याचा नकाशा आधी उतरवून घेतला, तर रेंज नसलेल्या शिवारातही रस्ता दिसत राहतो.

मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तर अनेक मोबाइल ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. त्यामुळे उन्हाळ्यात पडदा मंद होणे किंवा मोबाइल आपोआप बंद पडणे नवलाचे नाही. कव्हर आणि पत्रा यांच्यात रबराच्या चार तुकड्यांनी थोडी पोकळी ठेवली आणि कव्हरालाही काही छिद्रे पाडली, तर वारा खेळतो. थांबल्यावर मोबाइल सावलीत न्यावा. गाडीच्या बॅटरीवरून चार्जर घ्यायचा असेल, तर तो किल्ली बंद करताच बंद होणाऱ्या तारेवर, फ्यूज लावून, गाडीच्या वायरिंगचे काम जाणणाऱ्याकडूनच बसवून घ्यावा. पावसात पडद्यावरचे थेंबच बोटासारखे काम करतात आणि नकाशा भलतीकडे सरकतो. अशा वेळी मोबाइल काढून पिशवीत ठेवावा आणि विचारत जाण्याची जुनी पद्धत पाळावी.

नावात घोळ, म्हणून खूण हवी

बैठक कितीही पक्की असली, तरी गावाचे नाव चुकीचे दिले तर ती चुकीच्याच गावी नेईल. नांदेड जिल्ह्यातच एक मालेगाव लोहा तालुक्यात खंडोबाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे, तर दुसरे अर्धापूर तालुक्यात आहे. नाशिक जिल्ह्यातील मोठे मालेगाव वेगळेच. वडगाव, पिंपळगाव या नावांचा तर हिशेबच नाही. म्हणून नाव टाइप करण्याऐवजी प्रत्येक ग्राहकाच्या दुकानासमोर उभे राहून ती जागा मोबाइलमध्ये एकदा जतन करावी. भारतीय टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेल्या डिजिपिन पद्धतीत देशातील सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण मिळते. खातेवहीत ग्राहकाच्या नावापुढे ही खूण लिहून ठेवली, तर नवा माणूसही पहिल्याच दिवशी योग्य दारात पोहोचतो. ही नोंद पेढीची मालमत्ता आहे आणि ती पुढच्या पिढीलाही उपयोगी पडते. गंजगोलाईसारख्या १६ रस्ते एकत्र येणाऱ्या ठिकाणी तर अशा नेमक्या खुणेचे मोल नवख्याला लगेच कळते.

कायदा आणि घरचा नियम

गाडी चालवताना मोबाइल हातात धरणे हा मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची आणि कारावासाचीही तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार केवळ रस्ता पाहण्यासाठी मोबाइल वापरता येतो. तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. बैठक असली म्हणून फोन घेण्याची, संदेश वाचण्याची किंवा दर विचारण्याची मुभा मिळत नाही.

म्हणून बैठकीबरोबर घरात काही नियमही ठरावेत. जायचे ठिकाण गाडी सुरू करण्यापूर्वीच भरावे. प्रवासात कॉल आणि संदेश बंद ठेवावेत. वाट चुकली, तर रस्त्याच्या कडेला थांबूनच नकाशा पाहावा. आणि दुकानात बसलेल्या वडिलांनी, काकांनी मुलगा रस्त्यावर असेल त्या वेळी त्याला फोन करू नये. "कुठपर्यंत आलास?" हा प्रश्न काळजीपोटीच विचारला जातो, पण तो नेमका त्याची नजर रस्त्यावरून काढतो. मुलाने पोहोचल्यावर स्वतः फोन करावा, एवढे ठरले तरी पुरे.

काही लोखंड, थोडे रबर आणि रविवारची एक दुपार एवढ्यात ही बैठक तयार होते. ती बनवताना मुलगा आणि वडील दोघांनी मिळून बनवावी. प्रत्येक नट का घट्ट करायचा, हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने शिकले आहे, तो गाडीचे ब्रेक, टायर आणि आरसेही निघण्यापूर्वी तपासू लागतो.