विश्लेषण : घरच्या ‘नॅस’मधले फोटो आणि व्हिडिओ सुरक्षित कसे ठेवाल?

मोबाइलमधले हजारो फोटो, लग्नाचे व्हिडिओ, आवडते चित्रपट हे सगळे साठवण्यासाठी आता अनेक घरांत ‘नॅस’ वापरले जाते. नॅस म्हणजे वाय-फाय राउटरला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी. घरातला फोन, लॅपटॉप, टीव्ही यांना त्यातल्या फाइल्स थेट उघडता येतात. ही सोय नीट न सांभाळल्यास काय होते?

२०२१ मध्ये काय घडले?

त्या वर्षी जूनमध्ये ‘वेस्टर्न डिजिटल’च्या ‘माय बुक लाइव्ह’ या उपकरणातील माहिती जगभरातील अनेक ग्राहकांच्या घरी अचानक पुसली गेली. हल्लेखोरांनी दूरवरूनच फॅक्टरी रीसेट केले होते. रीसेटआधी पासवर्ड विचारणारा कोड उपकरणात निष्क्रिय होता आणि २०१५ नंतर त्याला अपडेटही मिळाले नव्हते. उपकरण इंटरनेटपासून तोडा, असे कंपनीला सांगावे लागले.

त्याआधी, एप्रिलमध्ये ‘क्यूलॉकर’ने ‘क्यूनॅप’ कंपनीच्या नॅसवरील फाइल्स पासवर्ड लावून बंद केल्या आणि सोडवण्यासाठी ०.०१ बिटकॉइन मागितले.

हल्लेखोर आत येतो कुठून?

राउटर बाहेरून आलेली अनोळखी जोडणी सहसा अडवतो. मात्र बाहेरून फोटो पाहता यावेत म्हणून आपणच ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करतो, म्हणजे राउटरमध्ये एक दार उघडतो. ‘यूपीएनपी’ सुरू असेल, तर उपकरणे आपल्याला न विचारताही असे दार उघडून घेतात. अशी उघडी दारे शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत फिरत असतात. त्यांना तुमचे नाव-गाव माहीत असण्याची गरज नसते.

राउटरवर काय करावे?

- ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो.
- यूपीएनपी आणि डब्ल्यूपीएस बंद करा. पोर्ट फॉरवर्डिंगची यादी रिकामी आहे ना, ते पाहा.
- वाय-फायसाठी डब्ल्यूपीए३ किंवा किमान डब्ल्यूपीए२ निवडा.
- पाहुणे, कॅमेरे, स्मार्ट बल्ब यांना ‘गेस्ट नेटवर्क’वर ठेवा. टीव्ही तिथे ठेवल्यास त्याला सहसा नॅस दिसणार नाही. म्हणून तो मुख्य नेटवर्कवर असू द्या, पण त्याला फक्त फाइल पाहण्याची मुभा असलेले खाते द्या.

नॅसवर काय करावे?

‘ॲडमिन’ या नावाचे खाते बंद करून वेगळ्या नावाचे खाते वापरा आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करा. घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्या. अपडेट आपोआप होऊ द्या. जुने ‘एसएमबी १’ बंद ठेवा. २०१७ मधला ‘वॉनाक्राय’ हल्ला त्यातल्याच त्रुटीवरून पसरला होता.

बाहेरगावाहून फोटो पाहायचे तर?

पोर्ट उघडण्याऐवजी व्हीपीएन वापरा. ‘टेलस्केल’सारख्या सेवेत फोन आणि नॅस यांच्यात कूटबद्ध मार्ग तयार होतो आणि राउटरमध्ये दार उघडावे लागत नाही. अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता देणाऱ्या इंटरनेट कंपन्यांच्या जोडणीवरही ती चालते.

रेड आहे, मग बॅकअप कशाला?

रेड-१मध्ये दोन डिस्कवर एकच माहिती असते. एक डिस्क बिघडली तर दुसरी कामी येते. पण फाइल पुसली किंवा कूटबद्ध झाली, तर तेच दोन्हीकडे होते. म्हणून ३-२-१ हा नियम पाळावा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर. महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या आणि डिस्क काढून ठेवा. जोडलेली नसलेली डिस्क कोणालाही दूरवरून पुसता येत नाही. दुसरी प्रत पासवर्ड लावून नातेवाइकांकडे ठेवता येईल. अधूनमधून त्या प्रतींतले चार-दोन फोटो उघडून पाहा. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

वेळ थोडाच असेल, तर आधी बॅकअप घ्या आणि मग यूपीएनपी बंद करा. बाकीचे सवडीने करता येईल.