वसतिगृहातला सासुरवास

दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले, की आमच्या कॉलेजच्या फलकावर एक लांबलचक सूचना लागते. ती मराठीत उतरवण्याचे काम मराठीचा प्राध्यापक म्हणून माझ्याकडे येते, आणि दरवर्षी माझी लेखणी पहिल्याच शब्दापाशी अडते. 'रॅगिंग'ला मराठीत म्हणावे तरी काय? 'छळ' म्हटले, तर तो कोणीही कोणाचा करतो. 'चेष्टा' म्हटले, तर गुन्हा हलका होतो. आणि 'खोड्या' म्हणावे, तर गुन्हेगार थेट गोकुळात जाऊन बसतो! शेवटी मी मुकाट्याने 'रॅगिंग' असेच लिहितो आणि शिपाई कागद घेऊन जातो. वास्तविक मला नेमका शब्द केव्हाच सापडलेला आहे. फक्त तो फलकावर लिहिता येत नाही. तो आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडचा शब्द आहे : सासुरवास.

वाचकांना हा विनोद वाटेल. पण जरा विचार करून पाहावा. नव्या सुनेला पहाटे उठवून जात्याला जुंपणारी, तिच्या माहेरचा उद्धार करणारी, तिच्या ताटातल्या भाकरीवर नजर ठेवणारी जी सासू, ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्याच जात्याशी बसून रडलेली असे. सासुरवास म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते, असे नाही. पुरते ठाऊक होते. तरीही, किंबहुना म्हणूनच, ती तो पुढे चालवी. स्वतःच्या सासूकडून जे येणे वसूल होणे शक्य नव्हते, ते ती सुनेकडून वसूल करी. 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' ही म्हण आपण न्यायाची म्हण म्हणून वापरतो. पण सुनेचे ते चार दिवस बहुधा येत, ते तिने सासूला जाब विचारला म्हणून नव्हे, तर ती स्वतः सासू झाली म्हणून!

काही वर्षांपूर्वी आमच्या समितीपुढे दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला होता. मुलगा वाईट नव्हता. खेड्यातून आलेला, अभ्यासात बरा, कबड्डीच्या संघातला. संघात नव्याने निवडल्या गेलेल्या दोघांना त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी रात्री दोन वाजता उठवून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या आणि नंतर सबंध संघाचे मळके कपडे धुवायला बसवले होते. त्यातला एक दुसऱ्या दिवशी तापाने फणफणला, म्हणून प्रकरण बाहेर आले.

मी विचारले, "अरे, हे कबड्डीत कोणत्या कामाला येतं?"

"सर, आमच्याकडूनही करून घेतलं होतं. आम्ही केली का तक्रार?"

"तेव्हा तुला बरं वाटलं होतं?"

"नाही सर." मग थोडे थांबून तो म्हणाला, "पण त्यामुळेच तर आम्ही एक झालो."

हे शेवटचे वाक्य त्याने शिक्षा टाळण्यासाठी म्हटले नव्हते. ते त्याला मनापासून खरे वाटत होते. समितीतल्या काही सहकाऱ्यांना तो निर्ढावलेला वाटला. मला मात्र त्या वाक्याची भीती वाटली, कारण त्यात थोडे तथ्य आहे.

एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या ६३ मुलींना एका चर्चामंडळात घ्यायचे होते. काहींना प्रवेशापूर्वी एका पुरुषासमोर अश्लील शब्द मोठ्याने वाचायला लावले, काहींना अगदी सौम्य शब्द दिले, तर काहींना काहीच करावे लागले नाही. मग सर्वांना त्या मंडळाची 'चर्चा' ऐकवली. ती मुद्दाम इतकी नीरस करून ठेवलेली होती, की ऐकणाऱ्याला जांभई यावी. पण ज्यांनी सर्वांत जास्त संकोच सोसला होता, त्यांनाच ती चर्चा अधिक चांगली वाटली! पुढे १९६६ साली जेरार्ड आणि मॅथ्यूसन यांनी शब्दांच्या जागी विजेचे झटके देऊन पाहिले, तरी निष्कर्ष तोच आला. सोसलेले फुकट गेले, असे माणसाचे मन कबूल करीत नाही. 'ज्या अर्थी मी इतके सोसले, त्या अर्थी ती गोष्ट तितक्या मोलाची असलीच पाहिजे,' असा उलटा हिशेब ते मांडते.

प्रयोग येथे थांबतो. पुढचे पाऊल माझे आहे. ज्याने असा हिशेब मांडला, त्याने पुढच्या वर्षी ही रीत बंद करायची, म्हणजे आपण भरलेली किंमत पाण्यात गेली असे मान्य करायचे. म्हणून तो बंद करीत नाही. तो नव्या मुलाला रात्री दोन वाजता उठवतो, तेव्हा त्यात क्रौर्य किती आणि स्वतःची समजूत घालणे किती, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही.

हा रोग नवा नाही आणि आपला एकट्याचाही नाही. मध्ययुगीन पॅरिसच्या विद्यापीठात नवागताला 'पिवळी चोच' म्हणत, आणि जुन्यांना मेजवानी घातल्याशिवाय त्याची सुटका नसे. जर्मन विद्यापीठांत त्याला चक्क शिंगे लावलेली टोपी घालीत, आणि तो जनावर आहे असे मानून करवतीने, सांडशीने त्याची शिंगे आणि सुळे 'उतरवीत'. मग तोंडात मीठ घालून, डोक्यावर दारू ओतून तो माणसात आल्याचे जाहीर करीत. इंग्लंडच्या निवासी शाळांत लहान मुले मोठ्यांचे बूट पुसत. १८५७ साली निघालेल्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या कादंबरीत दांडगट फ्लॅशमन टॉमला शेकोटीपुढे धरून भाजतो, तो प्रसंग पुष्कळांना आठवत असेल. अमेरिकेत याला 'हेझिंग' म्हणतात. तेथील वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत हे इतके बोकाळले, की १९०१ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे चौकशी झाली. त्या वेळी साक्ष द्यायला उभा राहिलेला एक कॅडेट पुढे जगाला जनरल मॅकआर्थर म्हणून माहीत झाला.

पण मला सर्वांत अस्वस्थ करणारी हकीकत अलीकडची आहे. फ्लॉरिडा ए अँड एम विद्यापीठाचे 'मार्चिंग १००' नावाचे एक नामांकित बँडपथक आहे. फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतराला हे पथक मैदानावर उतरे, तेव्हा खेळापेक्षा त्यालाच पाहायला माणसे येत. रॉबर्ट चॅम्पियन हा २६ वर्षांचा तरुण त्या पथकाचा ड्रम मेजर होता. म्हणजे दंड घेऊन पुढे चालणारा, पथकाला ताल देणारा. तो काही काल आलेला पोर नव्हता. त्यातून असल्या प्रकारांना त्याचा विरोध असे. १९ नोव्हेंबर २०११ रोजी ऑर्लँडो येथे सामना झाल्यावर हॉटेलबाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये तो चढला. त्या बसची एक रीत होती. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत चालत जायचे, आणि दोन्ही बाजूंच्या सोबत्यांनी मधल्या अरुंद वाटेत हाताने, पायाने, वाद्यांच्या काठ्यांनी मारायचे. जो पलीकडे पोहोचला, तो आपला. चॅम्पियन पोहोचला आणि थोड्याच वेळात कोसळला. त्याच रात्री तो गेला.

पथकाच्या अग्रभागी चालणाऱ्या माणसाला त्या बसमध्ये चढण्याची काय गरज होती? दंड हातात होता, पण मान मिळाला नव्हता. विद्यापीठाने दिलेले पद त्या बसमध्ये चालत नव्हते. तेथे एकच नाणे चालत होते. कोर्टात खटले झाले, एकाला २०१५ साली सहा वर्षांहून अधिक कारावास झाला, विद्यापीठाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, पथक २०१३ पर्यंत बंद राहिले. आणि मारणारे कोण? त्याच्याबरोबर रोज सराव करणारे, त्याच्याच तालावर पावले टाकणारे.

शब्दांचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्याला आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटते. अमेरिकेतल्याच आल्फ्रेड विद्यापीठाने १९९९ साली कॉलेजच्या खेळाडूंची पाहणी केली. संघात येताना आपल्या बाबतीत असले प्रकार झाले, असे शेकडा ८० जणांनी प्रकारवार सांगितले; परंतु 'तुमचे हेझिंग झाले का?' या सरळ प्रश्नाला 'हो' म्हणणारे निघाले शेकडा १२! बाकीच्यांच्या मते ती परंपरा होती, गंमत होती, संघभावना होती. आमच्याकडेही रॅगिंग कोणीच करीत नाही. आमच्याकडे 'इंट्रो' होतो. नजर खाली, हात बाजूला, शर्टाचे वरचे बटण लावलेले. नाव सांग, गाव सांग, आडनाव पुन्हा सांग, प्रवेशपरीक्षेतला क्रमांक सांग. आपल्या समाजात आडनाव आणि क्रमांक एकत्र विचारले, की तिसरी गोष्ट विचारावी लागत नाही. जात आपोआप कळते, आणि पुढचा 'परिचय' त्याप्रमाणे ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत जात, धर्म, वर्ण, प्रांत यांवरून होणाऱ्या छळाचा स्पष्ट उल्लेख केला, तो उगीच नव्हे.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. मात्र प्रत्येक कायद्यापाठीमागे एक मूल गेलेले असते. तामिळनाडूत १९९६ साली पोन नवरसू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा सीनियरने खून केला, तेव्हा १९९७ चा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तक्रारीकडे डोळेझाक करणाऱ्या संस्थाप्रमुखालाही तो मोकळे सोडत नाही. २००९ साली हिमाचल प्रदेशात अमन काचरू मारहाणीत गेला आणि आयोगाचे नियम आले. त्यानंतर हमीपत्रे आली, समित्या आल्या, फलक आले. तरी २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी वसतिगृहाच्या बाल्कनीतून पडून गेला. तो बंगाली साहित्य शिकायला आला होता.

कोणी म्हणेल, कोणत्याही मंडळात शिरायचे तर काही सोसावेच लागते. मुंजीत मुलाची हजामत होतेच ना? तालमीत नव्या पोराला माती उकरावी लागतेच ना? लागते. मुंज सर्वांची होत नसे आणि मुलींची तर नाहीच, हा तिचा दोष निराळा. पण मुंजीत सोसणे एका दिवसाचे असते, घरची वडील माणसे समोर असतात, आणि त्या हजामतीचे उट्टे तो मुलगा पुढे कोणावर काढीत नाही. तालमीत पहाटे हौदातली लाल माती उकरता उकरता पोराचे दंड भरतात. ती माती मऊ राहिली, तर त्याच्याच पाठीला लागत नाही. जोर-बैठकांनी तो रडकुंडीला येतो, पण त्यातून पैलवान तयार होतो, आणि वस्ताद समोर उभा असतो. तेथे सगळे सोवळ्यातले असते, असे मी म्हणत नाही. थोरांची मालीश करता करता पुष्कळ पोरांचे खेळणे राहूनच जाते. परंतु तेथे जबाबदार माणूस कोण, ते तरी माहीत असते. रात्री दोन वाजता वसतिगृहाच्या व्हरांड्यात वस्ताद कोठे असतो? रेक्टरसाहेब झोपलेले असतात, आणि वस्तादाच्या जागी एकोणीस वर्षांचा मुलगा उभा असतो.

आयोगाच्या नियमांत एक साधी तरतूद आहे : पहिल्या वर्षाच्या मुलांचे लहान लहान गट करून एकेक गट एकेका अध्यापकाकडे द्यावा, आणि त्याने त्यांची रोज विचारपूस करावी. माझ्याकडेही असा गट असतो. सुरुवातीला मी खोल्यांत जाऊन "कोणी त्रास देत नाही ना?" असे विचारीत असे, आणि मुले एका सुरात "नाही सर, सगळं छान आहे," म्हणत. आता मी तो प्रश्न विचारीत नाही. काल रात्री किती वाजता झोपलास, मेसमध्ये कोणत्या पंगतीला बसतोस, हे टेबलावरचे जर्नल कोणाचे, असले प्रश्न विचारतो. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने जर्नलवरचे दुसऱ्याचे नाव हाताने झाकले आणि दाराकडे पाहिले. "चल, चहा घेऊ," म्हणून मी त्याला बाहेर काढले. कँटीनमध्ये पाऊण तास तो बोलत होता. तिघांची जर्नले, चौघांचे कपडे, आणि सतरा दिवसांत दोननंतर झोपला नाही अशी एकच रात्र, तीही एक वरचा मुलगा घरी गेला होता म्हणून. त्या वर्षी आमच्या समितीकडे आलेली ती पहिली तक्रार. त्याच आठवड्यात आणखी पाच आल्या, आणि पाचही त्याच मजल्यावरच्या होत्या.