बिंब आणि वाटी

आमच्या वडीलबंधूंच्या डोळ्यांचा दाब दर दोन वर्षांनी मोजला जात असे. आकडा अठराच्या आसपास येई आणि सर्व ठीक आहे, असे सांगून त्यांना घरी पाठविण्यात येई. पुढे जिना उतरताना शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय चुकू लागला. घरातील मंडळी म्हणाली, मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून डोळ्याचा तळ पाहिला. तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. हिब्रूत ज्यास बार्कीत म्हणतात तो. मोतीबिंदू काढल्यावर दृष्टी परत येते. काचबिंदूने नेलेली दृष्टी परत येत नाही.

दाब २१ पर्यंत असला म्हणजे सामान्य, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु काचबिंदू झालेल्या पुष्कळांचा दाब या मर्यादेच्या आतच आढळतो. म्हणून डोळ्याच्या मागील भिंतीकडे पाहावे लागते. तेथे दहा लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू एकत्र येऊन मेंदूकडे निघतात. त्यांच्या निर्गमनाची जागा म्हणजे एक फिकट गुलाबी बिंब, व्यास दोन मिलिमीटरही नाही. बिंबाच्या मध्यभागी वाटीसारखा खळगा असतो आणि भोवती तंतूंचा काठ. तंतू मरू लागले की काठ झिजतो व वाटी रुंदावते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली आपले नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे जिवंत डोळ्यात पाहता येऊ लागले. वाटीचा व्यास बिंबाच्या व्यासाच्या किती पट, हे प्रमाण मोजण्याची पद्धत १९६०च्या दशकात आर्मली यांनी रूढ केली.

निरोगी डोळ्यात हे प्रमाण बहुधा ०.३ च्या आसपास असते. मात्र नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. ज्याचे बिंब जन्मतःच मोठे, त्याची वाटीही मोठी असते, आणि त्यात रोग नसतो. उलट बिंब लहान असल्यास ०.५ ची वाटीदेखील संशयास्पद ठरू शकते. (शंभरापैकी पन्नास आणि साठांपैकी पन्नास हे गुण सारखे नव्हेत, हे आम्हां शिक्षकांस वेगळे सांगावयास नको.) काठ कोठे झिजला, हेही पाहतात, सर्वसाधारणपणे तो खालच्या बाजूस सर्वांत जाड असतो. दोन डोळ्यांच्या प्रमाणांत ०.२ हून अधिक फरक दिसला, तर डॉक्टर सावध होतात. आज यंत्राने तंतूंच्या थराची जाडी मायक्रोमीटरमध्ये मोजता येते. त्या तंत्राचे पहिले वर्णन १९९१ साली प्रसिद्ध झाले. तरीही जुना फोटो नव्या फोटोशेजारी ठेवून पाहण्याचे महत्त्व उणावलेले नाही. तेव्हा कुपात खोलीममध्ये गेल्यावर केवळ दाब विचारून परतू नये. बिंब पाहिले काय, प्रमाण किती, फोटो काढून ठेवला काय, हे विचारावे. चिठ्ठी हिब्रूत असली तरी आकडे सर्वांस वाचता येतात.

रुग्णाच्या सख्ख्या भावंडांस हा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. वडीलबंधूंचे निदान झाल्यावर आम्ही सर्व भावंडांनी तपासणी करविली. धाकट्या भगिनीचे प्रमाण उजव्या डोळ्यात ०.४ आणि डाव्यात ०.७ निघाले. तिला कसलाही त्रास नव्हता. सुईत दोरा ती आजही चष्म्यावाचून ओवते. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत डावीकडे किंचित उणेपण आढळले. आता ती रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालते.