ध्वनीचें रूपांतर आणि त्याचें मोल

आजीच्या ओव्या, आजोबांचें स्तोत्रपठण अशा कित्येक ठेवी घरोघरीं जुन्या कॅसेटींत पडून आहेत. त्या संगणकांत उतरवून घेणाऱ्या सूज्ञ गृहस्थांस आम्हांस दोन शब्द सुचवावयाचे आहेत.

सीडीच्या दर्जाचा एका मिनिटाचा ध्वनि सुमारें दहा मेगाबाइट जागा व्यापतो. कानास सहसा न जाणवणारा अंश गाळून तोच सुमारें एका मेगाबाइटांत बसविण्याची युक्ति म्हणजे एमपी-थ्री. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेचा तींत मोठा वाटा. मात्र ही विद्या सशुल्क होती. असें रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रतीमागें अडीच ते पाच डॉलर द्यावे लागत. १९९८ सालीं तर तें फुकट वाटणाऱ्यांसही शुल्काच्या मागणीचीं पत्रें गेलीं. त्यांतूनच ऑग व्हॉर्बिस ही शुल्करहित पद्धति उदयास आली व २००२ सालीं पूर्णत्वास पोंचली. फ्लॅक ही दुसरी मुक्त पद्धति २००१ सालचीच. ती कांहींही न गाळतां आकार जवळजवळ निम्मा करते. पुढें एप्रिल २०१७ मध्यें एमपी-थ्रीचेंही शुल्क बंद झालें.

द्रव्याचा प्रश्न असा मिटला. विवेकाचा मात्र उरला आहे. गाळलेला अंश एमपी-थ्रीचें फ्लॅक केल्यानें परत येत नाहीं. ताकाचें पुन्हां दूध होत नाहीं. एका गाळीव रूपाचें दुसरें गाळीव रूप केल्यास हानि वाढतेच. यास्तव कॅसेटीवरून पहिली प्रत फ्लॅकमध्यें उतरवून जपावी, आणि आप्तेष्टांस धाडावयाची एमपी-थ्री तिच्यावरूनच करावी. कॅसेट झिजण्यापूर्वीं हें व्हावें, इतकेंच आमचें सांगणें.