साथीच्या काळातील वैद्याचा फलक

चिकित्सा हा आपला व्यवसाय असला, तरी वैद्याची जाहिरात कापडदुकानाच्या जाहिरातीसारखी असू नये, हे आपल्यापैकी कोणी नाकारणार नाही. अडचण येते ती साथीच्या काळात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, एस.टी. थांबली आणि मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या गावी वैद्य व रुग्ण यांच्यातील बराचसा संवाद दारावरचा फलक आणि भ्रमणध्वनीवरचा संदेश यांवर येऊन ठेपला. १ डिसेंबर २०१६ रोजी रोकडरहित व्यवहारांच्या आरंभामुळे धसईचे नाव वर्तमानपत्रांत गाजले होते. पण कार्डाच्या यंत्रापेक्षा काढ्याचे संदेश घरोघर अधिक वेगाने पोहोचले, हे आम्ही पाहिले.

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात चरकाचार्यांनी वायू, उदक, देश व काल यांच्या दुष्टीचा विचार केला आहे. त्याच स्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्यास दिलेला उपदेश मात्र आपण पदवी घेताना वाचतो आणि विसरतो. ज्ञान असले तरी स्वतःची बढाई मारू नये. ज्या बोलण्याने रुग्णास वा त्याच्या आप्तांस धक्का बसेल ते बोलू नये. फलकाला याहून वेगळा नियम कशाला हवा?

आयुष मंत्रालयाने ३१ मार्च २०२० च्या सुमारास स्वास्थ्यरक्षणाच्या सूचना काढल्या. त्यांत च्यवनप्राश १० ग्रॅम असे मान होते, मधुमेहींनी साखरविरहित घ्यावा असे होते, आणि ही कोविडची चिकित्सा नव्हे असेही स्पष्ट म्हटले होते. बाजारात फिरलेल्या पत्रकांतून नेमक्या या दोन अटी गळाल्या आणि उरले ते 'प्रतिकारशक्ती वाढवा'. १ एप्रिल २०२० रोजी मंत्रालयाला कोविडवरील उपचाराच्या दाव्यांच्या जाहिराती थांबविण्याचा आदेश काढावा लागला, यात आश्चर्य नाही. सुंठ-मिऱ्यांचा काढा वैशाखात पित्तप्रकृतीच्या माणसाने दिवसातून चार वेळा घेतला, तर आम्लपित्त, मुखपाक किंवा रक्तार्श घेऊन तो आपल्याचकडे येणार.

गुळवेलीचे उदाहरण तर आपल्या परिसरातले. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी उभारलेल्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेस त्या काळात औषधी कंपन्यांकडून गुळवेलीच्या मोठ्या मागण्या आल्या. रानावर जगणाऱ्या घरांना आधार मिळाला, ही समाधानाची बाब होय. परंतु २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, असा आक्षेप मंत्रालयाने घेतला. वाद कसाही सुटो, 'गुळवेल घ्या' एवढेच लिहून वैद्याचे काम होत नाही. कोणती, किती, किती दिवस आणि कोणी विचारल्याखेरीज घेऊ नये, हेही लिहावयास हवे.

आमच्या मते फलकावर सर्वांत ठळक अक्षरांत औषधाचे नाव असूच नये. तेथे असावे ते हे: दम लागत असेल किंवा बोटाच्या यंत्रावर प्राणवायू ९४ च्या खाली दिसत असेल, तर येथे न थांबता मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जावे. औषधाच्या आशेने घरी काढलेले दोन दिवस नंतर कोणी परत देत नाही. त्याखाली दवाखान्याच्या वेळा, पैसे नसल्यास नंतर द्यावेत ही एक ओळ, आणि चालू असलेली मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी बंद करू नये ही दुसरी. ज्या घरात मृत्यू झाला आहे तेथेही हाच मजकूर वाचला जाणार, म्हणून 'अमुक घेतले असते तर' असा सूर त्यात डोकावू देऊ नये. यामुळे चार बाटल्या कमी खपतील, खपू द्याव्यात.

भाषा अशी असावी की नातवाने मोठ्याने वाचल्यावर आजीला एका दमात कळावी. आणि दिनांक अवश्य घालावा. पहिल्या टाळेबंदीतील वेळांचे कागद दुसऱ्या लाटेतही काही दारांवर तसेच होते. पावसाळ्यात शाई ओघळते, तेव्हा वर प्लास्टिकचे आवरण लावावे, आणि वेळ बदलली की जुना कागद त्याच दिवशी उतरवावा.